कष्टकऱ्यांची स्वतःची संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरावेचक, नाक्यावरचे मजूर, घरकामगार, पाड्यावरचे आदिवासी, अपंग, वस्तीतल्या बायका यांच्यासोबत काम करताना कधी ना कधी कुणीतरी म्हणतेच, "आपण यांची सहकारी संस्था काढू या." तिथून पुढे जे प्रश्न येतात, त्यांची ही उत्तरे. कायद्याचे उल्लेख महाराष्ट्राचे आहेत, उदाहरणे जिथली आहेत तिथली.

सहकार म्हटले की साखर कारखाना आठवतो. त्यात वंचितांचा काय संबंध?

बहुतेक वेळा काहीच नाही, आणि हे आधीच मान्य केलेले बरे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेचा कारखाना उभा केला, तेव्हा खासगी कारखानदाराच्या हातून ऊसवाला शेतकरी सुटला. ही गोष्ट मोठीच होती. पण कारखान्याचा सभासद कोण? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. बीडहून, पाथर्डीहून येणारा ऊसतोड कामगार याच कारखान्यासाठी अख्खा हंगाम राबतो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणून मोजले जातात, उचल मुकादमाकडून घेतात आणि फडावर पालात राहतात. कागदोपत्री ते कारखान्याचे कामगार नसतात, सभासद तर नसतातच. कारखाना सहकारी आहे म्हणून त्यांच्या वाट्याला वेगळे काही आले नाही.

सहकारी संस्था गरिबांचे भले करते असे नाही. ती सभासदांचे भले करते. त्यामुळे कुणी आपल्या संस्थेचे कौतुक सांगू लागले की एकच विचारावे: सर्वांत जड काम करणारा माणूस तुमचा सभासद आहे का?

तो सभासद असला की काय होते, हे केरळमध्ये दिसते. कोळीकोडजवळच्या वडकरा भागात समाजसुधारक वाग्भटानंद यांच्या अनुयायांना जमीनदारांनी काम देणे बंद केले. तेव्हा १९२५ साली त्यांनी स्वतःची मजूर संस्था काढली. तीच आजची उराळुंगल लेबर काँट्रॅक्ट सोसायटी. रस्ते आणि पूल बांधणारी ही संस्था आज देशातल्या मोठ्या मजूर सहकारी संस्थांत गणली जाते, आणि तिचे सभासद प्रत्यक्ष काम करणारेच आहेत.

'सामाजिक उद्योग' म्हणजे मग वेगळे काय? त्यात नफा करायचा की नाही?

नफा करायचा. तोट्यातला उद्योग कुणालाच फार दिवस पोसत नाही. प्रश्न आहे तो नफा कुठे जातो आणि ते कोण ठरवते याचा.

पुण्यात हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे जेवणघर सुरू केले. हमाल, रिक्षावाले आणि बाजारात आलेले मजूर यांना परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळावे हा हेतू होता. आज तिथे कचेरीतले लोकही रांगेत दिसतात. हे काही अन्नछत्र नाही. पैसे मोजायचे, ताट घ्यायचे. फक्त दर ठरवताना हमालाचा खिसा आधी पाहिला जातो.

लिज्जत पापडाला लोक हमखास सहकारी संस्था समजतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण कायद्याच्या भाषेत ती सहकारी संस्था नाही, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे. तरीही प्रत्येक लाटणारी 'बहीण' मालकीण मानली जाते. सकाळी शाखेतून भिजवलेले पीठ घ्यायचे, घरी लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी हातात घ्यायची. सहकाराचा शिक्का नसताना सहकार चालू शकतो. शिक्का असून न चालणाऱ्या संस्था तर ढिगाने आहेत.

बचत गट, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी, न्यास: आम्ही काय नोंदवावे?

बचत गट आपसात बचत आणि कर्ज यासाठी उत्तम. दहा-वीस जणी, एक वही, एक बँक खाते. पण महापालिकेची निविदा भरायची, गाडी संस्थेच्या नावावर घ्यायची, दोनशे जणांचा करार करायचा म्हटले की गट अपुरा पडतो.

न्यास (ट्रस्ट) किंवा कलम ८ ची, म्हणजे ना-नफा, कंपनी देणग्या घेण्यासाठी सोयीची. मात्र तिथे निर्णय विश्वस्त किंवा संचालक घेतात. काम करणारी बाई लाभार्थी होते, तिला मत नसते. पुष्कळ सामाजिक उद्योग याच रूपात आहेत आणि काही फार चांगले चाललेत, पण त्यांना 'कष्टकऱ्यांची संस्था' म्हणणे मला पटत नाही.

उत्पादक कंपनीची तरतूद २००२ साली कंपनी कायद्यात आली. दहा उत्पादक एकत्र येऊन ती काढू शकतात. सहकार खात्याच्या निबंधकाचा हस्तक्षेप कमी, पण कंपनी कायद्याची सगळी विवरणपत्रे वेळेवर भरावी लागतात आणि सनदी लेखापालाची फी दरवर्षी द्यावी लागते. शेतमाल, मध, हिरडा, दूध असे काही पिकवणाऱ्या किंवा गोळा करणाऱ्यांसाठी ती ठीक. नुसते श्रम विकणाऱ्यांसाठी नाही.

श्रम किंवा सेवा विकणाऱ्यांसाठी सहकारी संस्थाच बरी. माणशी एक मत, मग शेअर एक असो की शंभर. शिवाय सभासदांच्या श्रमाची एकत्रित विक्री करणाऱ्या संस्थांना आयकर कायद्यात सवलत आहे. तिची एक अट वाचण्यासारखी आहे: मताचा अधिकार मुख्यतः प्रत्यक्ष श्रम करणाऱ्या सभासदांपुरता ठेवलेला असावा. वित्तपुरवठा करणाऱ्या सहकारी पतसंस्था आणि राज्य सरकार यांना तेवढी मुभा आहे. करसवलतीसाठी घातलेली ही अट एरवीसुद्धा उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत, असावी अशीच आहे.

पुण्यातल्या कचरावेचकांचे उदाहरण सगळेच देतात. तिथे नेमके काय घडले?

उदाहरण सगळे देतात, पण त्यातला क्रम बहुतेक जण विसरतात. म्हणून जरा सविस्तर.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या मुलांसोबत आणि त्यांच्या आयांसोबत काम करत होत्या. वेचणाऱ्या बहुसंख्य बायका दलित, त्यातल्या पुष्कळ दुष्काळात गाव सोडून आलेल्या, कित्येक एकट्याने घर चालवणाऱ्या. कचराकुंडीत हात घालून माल शोधण्यापेक्षा घरातूनच ओला-सुका वेगळा मिळाला तर कमाई वाढते आणि हातही कापत नाहीत, हे लवकरच दिसून आले. ते दिसताच एका खासगी उद्योजकालाही त्यात धंदा दिसला. तो गाडी घेऊन घरोघरचा कचरा उचलू लागला आणि बायकांचा माल बंद झाला. त्या रस्त्यावर उतरल्या. त्या धडपडीतून हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली.

पंचायत ही कामगार संघटना आहे. पहिली दहा-बारा वर्षे तिने कचरा उचलण्याच्या कामाची सहकारी संस्था काढली नाही. तिने आधी ओळखपत्रे मिळवली, महापालिकेच्या मान्यतेची. ओळखपत्र म्हणजे काय, हे ज्याला पोलिसाने चोरीच्या संशयावरून कधी हटकलेले नाही त्याला कळणे अवघड. भंगाराच्या दुकानात काटा मारला तर जाब विचारायला माणसे उभी केली. पतसंस्था काढली. कचरावेचकांमुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा अभ्यास करून हिशेब मांडला. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने या कष्टकऱ्यांचा वैद्यकीय विमा काढला, तो या हिशेबाच्या बळावर. आपण उपकार मागत नसून केलेल्या कामाचा मोबदला मागतो, हे बायकांना आधी उमगले आणि नगरसेवकांना नंतर.

त्यानंतर 'स्वच्छ' ही सेवा सहकारी संस्था आली. तिने २००८ साली पुणे महापालिकेशी करार केला. दोघी-दोघींच्या जोड्या साधारण दोनशे ते तीनशे घरांचा कचरा दारातून घेतात. घरटी दरमहा शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातले पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा विकून येणारे पैसे त्यांचेच राहतात. महापालिका व्यवस्थापनाचा काही खर्च आणि साधने देते: ढकलगाड्या, बकेट, हातमोजे, कोट. आज तीन हजारांहून जास्त सभासद या कामात आहेत.

या बायकांनी आणखी एक लढाई केली. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हातात येतात, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी गोळा केलेले पॅड ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवून दिले. पुढे पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यायची मोहीम निघाली. एकटीने वेचणाऱ्या बाईला हे शक्य नव्हते. ठेकेदाराच्या हाताखालच्या बाईला तर स्वप्नातही नाही.

मग आम्हीही आधी संघटना काढायची का?

बहुतेक ठिकाणी हो. संस्था बाजारात उतरते, आणि बाजारात तुमचा माल विकत घेणारा, जागा देणारा, परवाना देणारा कुणी ना कुणी तुमच्यापेक्षा ताकदवान असतो. त्याच्यासमोर उभे राहायची सवय सभासदांना नसेल, तर संस्था नोंदली जाते आणि पहिल्याच कराराला मान खाली घालते. दबाव आणायची ताकद आधी यावी, शेअरचे दाखले नंतर छापावेत.

काही वेळा सहकारी संस्थेची गरजच नसते. हमालांचा प्रश्न महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हाताळला. या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही (ठरावीक जादा रक्कम) भरायची, मंडळाने हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजा आणि उपचार द्यायचे. असा कायदा मिळवता येत असेल तर संस्थेच्या भानगडीत पडू नये. ज्याचा मालक शोधून सापडतो, त्याने मालकाला धरावे. कचरावेचकाला मालकच नव्हता, म्हणून ती वाट निघाली.

पण ही तर महापालिकेची जबाबदारी झटकायची सोय झाली. या बायकांना कायम नोकरी का नको?

हा आक्षेप खरा आहे आणि तो घेणारे शत्रू नव्हेत. घनकचरा उचलणे हे पालिकेचे बंधनकारक काम. ते काम करणारी बाई सभासद म्हणून मिरवते, पण तिला पगार, रजा, निवृत्तिवेतन नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने दुसरी वाट धरली. त्या संघटनेने ठेक्यावरच्या २,७०० सफाई कामगारांना महापालिकेचे कामगार ठरवून घेण्यासाठी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडा केला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला.

दोन्ही वाटांची किंमत वेगळी. कायम नोकरी निरक्षर, साठीला टेकलेल्या, जन्मदाखला नसलेल्या बाईपर्यंत पोचत नाही. भरती निघाली की शिकलेले तरुण पुरुष पुढे येतात. संस्थेत ती आहे तशी सामावते, पण उत्पन्न घरोघरच्या शुल्कावर टांगलेले राहते आणि करार संपत आला की पोटात गोळा येतो. पुण्यातही करार नव्याने होताना दरवेळी अनिश्चितता होती, आणि एखाद्या मोठ्या ठेकेदार कंपनीला शहर देऊन टाकू या ही चर्चा अधूनमधून डोके वर काढतेच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. त्यामुळे बोलायला एक आधार मिळाला. अंमलबजावणी शहरागणिक वेगळी.

माझे मत विचाराल तर करारात शुल्काच्या बरोबरीने पालिकेने विमा आणि निवृत्तीचा वाटा उचलावा, असे कलम असल्याशिवाय सही करू नये. ते कलम मिळेल का, हे परत संघटनेच्या ताकदीवर.

नोंदणीला काय लागते?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे किमान दहा व्यक्ती, आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या. नवरा, बायको आणि मुलगा मिळून तीन होत नाहीत, एकच होतो. यात पुष्कळ अर्ज अडकतात. प्रवर्तकांची सभा घेऊन मुख्य प्रवर्तक निवडायचा, नाव राखून घ्यायचे, बँकेत खाते उघडून भागाची (शेअरची) रक्कम भरायची आणि उपविधीसह प्रस्ताव तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे द्यायचा. आदर्श उपविधी तयार मिळतात, पण ते तसेच्या तसे उचलू नका. 'सभासद कोण होऊ शकेल' आणि 'काम सोडल्यावर सभासदत्वाचे काय' ही दोन कलमे स्वतः बसून लिहा.

नंतर दरवर्षी: ३१ मार्चला हिशेब बंद, लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा. ती सभा रविवारी सकाळी अकराला ठेवली आणि सभासद त्या वेळी कामावर असतील, तर सभा कागदावरच होते.

आमच्या सभासदांना लिहितावाचता येत नाही. कारभार कसा चालवणार?

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. प्रवर्तक बायकांनी अंगठे उठवले होते, हे कारण. या बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा ही गोष्ट जाहीरपणे सांगतात: बायका साक्षरतेचे वर्ग करून पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नाही पण व्याज मोजता येते. कुठल्याही मुद्दलाचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय सांगायला लावा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

गोष्ट गोड आहे, पण तिने हुरळून जाऊ नये. व्याज मोजता येणे वेगळे आणि ताळेबंद वाचणे वेगळे. निरक्षर सभासदांच्या संस्थांमध्ये घात होतो तो बहुधा शिकलेल्या सचिवाकडून. चोरीच करावी लागते असे नाही. "तुम्हाला कळणार नाही, मी बघतो" एवढे वाक्य पुरते. त्यावर उपाय साधे आहेत. दर महिन्याला जमा, खर्च, शिल्लक आणि येणे हे चार आकडे सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे. रोकड एकीकडे, वही दुसरीकडे, बँकेत जाणारी तिसरी. ठराव लिहिला की लगेच वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा. पतसंस्थेच्या पासबुकावर फोटो आणि रंगीत शिक्के. आणि सभासदांच्या शिकलेल्या मुलींना हिशेबाला बसवा. बाहेरच्या पदवीधरापेक्षा त्यांना घरी जाऊन जास्त उत्तरे द्यावी लागतात.

आमच्या लोकांना समाज नावे ठेवतो. नोंदणी अधिकारीच नाक मुरडतात. काय करावे?

कोलकात्याच्या सोनागाछीतल्या वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांनी १९९५ मध्ये 'उषा' ही सहकारी संस्था नोंदवली. त्याआधी तिथल्या सहकार कायद्यातली 'सच्चारित्र्याची' अट आडवी आली. 'गृहिणी' म्हणून नोंदणी करा, असा मधला मार्ग सुचवला गेला. बायकांनी तो नाकारला, आणि नियम बदलून घेऊन स्वतःच्या ओळखीनेच संस्था नोंदवली. सावकाराच्या भयंकर व्याजातून सुटका हा संस्थेचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग पासबुकाचा. पत्त्याचा पुरावा नसलेल्या बाईकडे तिच्या नावाचा एक सरकारमान्य कागद आला.

मधला मार्ग घेतला असता तर नोंदणी लवकर झाली असती. पण उद्या भांडण झाले की 'तुम्ही खोटी माहिती दिली' म्हणून तीच नोंदणी रद्द करता आली असती.

भांडवल कुठून आणायचे?

यंत्र, गाडी, शेड यासाठी पैसे मिळतात: अनुदान, देणगी, बँक, एखाद्या महामंडळाची योजना. अडचण रोजच्या पैशाची असते. समजा वीस बायका, दिवसाला ४०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. मजुरी होते दोन लाख आठ हजार. समोरच्या कार्यालयाने बिल तीन महिन्यांनी काढले, तर सहा लाख चोवीस हजार रुपये संस्थेच्या खिशात हवेत, आणि बायकांना तर आठवड्याला पैसे लागतात. ज्याच्याकडे हे खेळते भांडवल असते त्यालाच आपण ठेकेदार म्हणतो. ते त्याचे खरे कौशल्य. म्हणून कामगारांच्या चांगल्या चांगल्या संस्था दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गुपचूप एखाद्या ठेकेदाराकडून उसने घेतात आणि वर्षभरात नावापुरत्या उरतात.

त्यामुळे पहिले काम असे निवडा ज्यात पैसे रोज किंवा आठवड्याने येतात: घरोघरची सेवा, जेवणाचे डबे, भंगार विक्री. सरकारी कामे नंतर. अनामत रकमेसाठी वेगळा निधी ठेवा आणि त्याला हात लावू नका. 'उद्यम' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेवा, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल ४५ दिवसांत द्यायची तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. कार्यालये ती सहसा पाळत नाहीत, पण पत्रात कलम लिहिले की फाइल जरा हलते. सरकारी भागभांडवल मिळत असेल तर घाई करू नका. त्याच्यासोबत सरकारचा माणूस संचालक मंडळावर येऊ शकतो.

सभासद आधीच सावकाराला किंवा दुकानदाराला बांधलेले असतील तर?

तर आधी पतसंस्था, मग उद्योग. भंगारवाल्याकडून उचल घेतली की माल त्यालाच, त्याच्या भावाने, त्याच्याच काट्यावर घालावा लागतो. संस्थेने शेजारी जास्त भावाचे दुकान उघडले तरी ती बाई तिथे येऊ शकत नाही. शिवाय जुना दुकानदार रात्री दोन वाजता पोराच्या दवाखान्याला पैसे देतो. संस्था अर्ज आणि दोन जामीन मागते. ही गैरसोय जोवर दूर होत नाही तोवर त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तातडीच्या छोट्या कर्जासाठी वस्तीतल्याच दोघींना अधिकार द्या, सभेची वाट पाहायला लावू नका.

अपंग किंवा मानसिक आजारातून बाहेर आलेल्यांसाठी हे चालेल का?

चालते, पण आपल्याकडे असे काम अजून बव्हंशी न्यास आणि कार्यशाळांतच अडकले आहे: मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या, दिवाळीत प्रदर्शन. इटलीत फ्रँको बझालिया या मनोविकारतज्ज्ञाने त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळे काही केले. रुग्ण आधीही झाडलोट करतच होते, 'उपचार' या नावाखाली, जवळजवळ फुकट. त्याच लोकांची सहकारी संस्था झाली आणि त्याच कामाचा रीतसर करार आणि पगार सुरू झाला. पुढे १९९१ मध्ये इटलीने सामाजिक सहकारी संस्थांचा कायदा केला. त्यातल्या एका प्रकारात किमान ३० टक्के कामगार वंचित गटातले असावे लागतात: अपंग, मनोरुग्ण, व्यसनातून सुटलेले, शिक्षा भोगणारे कैदी. बाकीचे इतर कामगार. तीस टक्के हा आकडा शहाणपणाचा वाटतो. सगळेच अपंग असलेली संस्था ग्राहकाच्या दयेवर जगू लागते. मिश्र संस्था कामाच्या दर्जावर उभी राहू शकते.

आदिवासी गावात सहकारी संस्था काढावी का?

आधी ग्रामसभेकडे पाहा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू मात्र विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. २००६ चा हा वनहक्क कायदा बांबूला गौण वनउपज म्हणतो, खाते त्याला झाड म्हणत राहिले. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे दिले. त्यानंतर गावाने स्वतः बांबू तोडला आणि विकला. ग्रामसभेत गावातला प्रत्येक प्रौढ आपोआप असतो. संस्था काढली की कोण सभासद आणि कोण नाही हा वाद उगाच तयार होतो. माल साठवणे, प्रक्रिया, दूरच्या बाजारात विक्री यासाठी संस्था लागली, तर तिला ग्रामसभेच्या हाताखाली ठेवा.

मजूर सहकारी संस्थांचे नाव इतके बदनाम का?

कारण शासनाच्या कामांत त्यांना राखीव वाटा आहे, आणि जिथे राखीव कामे तिथे बनावट मजूर. सभासदांच्या यादीत बंगलेवाले, गाडीवाले 'मजूर' असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. ओळखायची खूण सोपी: हजेरीपट आणि सभासद यादी शेजारी ठेवा. काम करणारे एक आणि सभासद भलतेच असतील, तर ती ठेकेदाराची संस्था. आपल्याही संस्थेत दर सहा महिन्यांनी ही तपासणी करा. चांगल्या हेतूने निघालेल्या संस्थाही कामे वाढली की 'हंगामी' माणसे घेतात, त्यांना सभासद करायचे लांबवतात आणि बघता बघता जुने सभासद मालक आणि नवे मजूर अशी उतरंड लागते.

संस्था सुरू करणारा कार्यकर्ता कधी बाजूला होणार?

त्याला विचारू नका, उपविधीत तारीख लिहा.

सभासद बायका, पण सह्या आणि निर्णय पुरुषांचे. काय करावे?

पैसे थेट बाईच्या एकटीच्या खात्यात. संयुक्त खाते नको. सभा वस्तीतच, आणि पुरुष आले तर मागे बसतील, बोलणार नाहीत, हा ठराव पहिल्याच दिवशी. कायद्यात संचालक मंडळावर बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. बायकांच्या संस्थेने तेवढ्यावर थांबायचे कारण नाही. घरून अडवले तर शेजारणींनी जाऊन बोलावून आणायचे, ही प्रथा काही वस्त्यांत आहे आणि ती नोटिशीपेक्षा जास्त चालते.

संस्था बंद करायची वेळ आली तर सभासदांच्या पैशाचे काय?

'मर्यादित' संस्थेत सभासदाची जोखीम भागाच्या रकमेपुरती असते. त्याचे घर किंवा दागिना संस्थेच्या कर्जात जात नाही, मात्र त्याने स्वतः जामीन म्हणून वेगळी सही केली असेल तर जाऊ शकतो. म्हणून बँकेत सह्या करताना पान वाचून घ्या. अवसायनाचा, म्हणजे संस्था गुंडाळण्याचा, आदेश निघाला की निबंधक अवसायक नेमतो, तो येणी वसूल करतो, देणी भागवतो. सगळे भागवून काही शिल्लक उरली, तरी ती सभासदांत वाटता येत नाही. ती उपविधीत लिहिलेल्या किंवा कायद्याने ठरवलेल्या हेतूसाठीच जाते. त्यामुळे उपविधी लिहितानाच तिथे आपल्याच लोकांची पतसंस्था किंवा संघटना यांचे नाव बसते का, हे निबंधक कार्यालयात विचारून घ्या. आणि मजुरी थकवून ठेवू नका. सभासदाने आज घरी नेलेली मजुरी त्याची असते, संस्थेकडे 'जमा' राहिलेल्या मजुरीसाठी त्याला अवसायकाच्या दारात, संस्थेकडून पैसे येणे असलेल्या सगळ्यांच्या रांगेत उभे राहावे लागते.